मोजणीवाले आणि आंधळी बानू

खोलीची किल्ली देण्याआधी घरमालकांनी मला नकाशा दिला. वहीच्या जोडकागदावर टोकदार पेन्सिलीनं काढलेला, माझ्याच खोलीचा. नऊ फूट चार इंच गुणिले अकरा फूट. दार, खिडकी, मोरी सगळं दाखवलेलं, आणि उजव्या कोपऱ्यात एक चौकोन. चौकोनात लिहिलं होतं, 'पलंग'. त्याखाली बारीक अक्षरात, 'डोके पूर्वेस'.

"मला पलंग खिडकीखाली हवाय," मी म्हणाले.

"खिडकीखाली साडेपाच फूट जागा आहे. पलंग सहा फुटी आहे."

"थोडा दारापुढे आला तर चालेल मला."

"थोडा म्हणजे किती?"

तिथूनच माघारी फिरायला हवं होतं. पण महाडच्या सरकारी दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागून चारच दिवस झाले होते, पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या माझ्या गावाहून रोज एसटीनं येणं जमणारं नव्हतं, आणि एकट्या मुलीला खोली द्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मी पलंग कोपऱ्यात ठेवला. डोकं पूर्वेला.

गाव त्यांना मोजणीवाले म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी सरकारी मोजणी खात्यात साखळी ओढली होती. वरंधपासून पाचाडपर्यंत कुणाचा बांध कुणाच्या शेतात किती सरकला ते त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाले तरी सदऱ्याच्या खिशात टेप असायचाच. दोन माणसं बोलत असली आणि त्यातलं कोणी 'अंदाजे' म्हणालं की हे मध्ये पडायचे. "अंदाज म्हणजे आळशी माणसाचं खोटं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, 'चवीपुरतं मीठ' असं म्हणायचीही चोरी होती.

"कसा संसार केलात हो काकू?" मी एकदा विचारलं.

"मोजून," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

मी त्यांना काका म्हणायचे. ते मला सिस्टर म्हणायचे, आणि दिवसातून वीस वेळा म्हणायचे. सिस्टर, बादली मोरीच्या डाव्या बाजूला. सिस्टर, चपला उंबऱ्यापासून एक वीत लांब. आठ तास वॉर्डात उभं राहून आल्यावर पहिलं वाक्य हे ऐकायचं.

शेजारी एका चाचीचं घर होतं. नवरा वारलेला, दोन मुलगे आखातात, घरात ती एकटीच. मोजणीवाले आणि ती अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण पागोळ्या. चाचीच्या कौलांवरून गळणारं पावसाचं पाणी मोजणीवाल्यांच्या जमिनीत नऊ इंच आत पडायचं. ते नऊ इंच त्यांनी भर पावसात छत्री धरून मोजले होते. मग दोन घरांच्या मध्ये खांब रोवून पाच पदरी काटेरी तार ओढली. चाचीचं म्हणणं काकूंनी मला पुढे सांगितलं. चाची म्हणाली होती, "पाऊस काय माझ्या बापाचा हाय? देवाचं पाणी देवाच्या जमिनीत पडतंय." त्यावर हे म्हणाले होते, "सातबाऱ्यावर देवाचं नाव नाही." तिथं बोलणं संपलं ते संपलंच.

मी राहायला आले त्याच सुमारास चाची मस्कतला मुलाकडे गेली होती. सुनेचं बाळंतपण होतं. घराला कुलूप.

दिवाळी होऊन आठेक दिवस झाले असतील. मी रात्रपाळी करून सकाळी परतले तर मोजणीवाले ओसरीवर वाट बघत उभे.

"सिस्टर, पलीकडे काहीतरी ओरडतंय."

"मांजर असेल."

"असेल म्हणजे? बघून या."

"तुम्हीच बघा ना. मी रात्रभर जागी आहे."

"मी त्या हद्दीत अकरा वर्षं पाय ठेवलेला नाही."

इतक्या सरळपणे म्हणाले की वाद घालायचीही ताकद राहिली नाही. पांढऱ्या साडीचा काचा मारून मी तारेखालून सरपटत गेले. पदर अडकून फाटला तो फाटलाच. चाचीच्या मागच्या पडवीत एक बाकडं होतं, आणि बाकड्याखाली, कोरड्या पडलेल्या करवंटीजवळ, मांजर. मांजर म्हणायचं म्हणून. पांढऱ्या-करड्या कातड्यात गुंडाळलेली हाडं. अंगावर जागोजाग केस गेलेले, कानात गोचिडं. दोन्ही डोळे पुवानं असे चिकटलेले की पापणी कुठली ते समजेना. मी हात लावला तर पळाली नाही. पळायचं कुठे तेच तिला कळत नव्हतं.

ही चाचीची मांजर. तिच्या भाच्यानं रोज दूध-भात घालायचा, असं ठरलं होतं. भाचा ट्रक चालवायचा. त्यालाही अचानक व्हिसा आला, दोन दिवसांत मुंबई गाठावी लागली. घाईत किल्ली नाक्यावरच्या दुकानदाराकडे देऊन गेला आणि मांजराचं सांगायचं राहिलं. हे सगळं नंतर कळलं. मांजर मात्र दुसरीकडे कुठे गेली नव्हती. चाचीच्या पडवीत बसून राहिली होती.

"तुम्ही नर्स ना?" मी तिला पदरात घेऊन आले तसे मोजणीवाले म्हणाले.

"माणसांची!"

"डोळा तो डोळा."

मिठाचं पाणी उकळून कोमट केलं, कापसाचे बोळे केले, आणि बसले पुसत. तासभर. मोजणीवाले माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. बोळे किती लागले? पाणी किती कोमट? थेंब किती? दोन? दोन थेंबांच्या मध्ये किती वेळ? शेवटी मी म्हणाले, "काका, तुम्ही जरा लांब उभे राहता का?" त्यांनी विचारलं, "किती लांब?"

दुसऱ्या दिवशी तिला पिशवीत घालून आम्ही गुरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत दोन म्हशी, एक बैल आणि आम्ही. डॉक्टर भला माणूस होता, पण मांजर घेऊन कोणी येतं याचंच त्याला नवल वाटलं. बॅटरी लावून त्यानं नीट पाहिलं.

"उजवा डोळा आतून फुटलाय. डाव्यावर फूल पडलंय. आता दिसायचं नाही हिला."

"शंभर टक्के?" मोजणीवाल्यांनी विचारलं.

"शंभर टक्के. पण जगेल. मांजर आहे, काका, मिशांवर आणि कानांवर जगतं. फक्त घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करू नका. जिथली वस्तू तिथं राहिली की ती आपोआप शिकेल."

अख्ख्या महाड तालुक्यात हे वाक्य ऐकवायला त्या डॉक्टरला दुसरा माणूस मिळाला नाही. मी मोजणीवाल्यांच्या तोंडाकडे पाहिलं. जन्मभर जे ते ओरडून सांगत होते, त्याला आज डॉक्टरचा शिक्का मिळाला होता.

संध्याकाळपर्यंत घरात खडूच्या रेघा पडल्या. कळशी कुठे, पाट कुठे, केरसुणी कुठे. काकूंनी पापड वाळत घालायचे तर ओसरीच्या याच पट्ट्यात. माझ्या चपलांना आता चौकट मिळाली. काकूंनी एकदा विळी चुलीपासून हातभर बाजूला ठेवली तर हे धावत आले.

"ती आंधळी आहे हो!"

"आणि मी?" काकू म्हणाल्या. "मी पस्तीस वर्षं या घरात आपटतेय, तेव्हा नाही कधी रेघा मारल्यात."

त्यांनी विळी उचलून जागेवर ठेवली. रेघा पुसल्या नाहीत.

मग घुंगरू आले. मांजराला माणूस येताना कळावं, ती दचकू नये, म्हणून बाजारातून बैलांच्या साजाचं सामान विकणाऱ्याकडून त्यांनी घुंगरांची माळ आणली आणि दोऱ्यात ओवून एकेक आमच्या पायात बांधला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण, असं लोक विचारतात. आमच्या घरात मांजर सोडून सगळ्यांना बांधली होती. काकूंनी दोन दिवसांत काढून टाकला. मी घरात असेपर्यंत ठेवायचे, आणि एके सकाळी घाईत काढायला विसरले. बायकांच्या वॉर्डात छुम छुम करत शिरले. आमच्या मोठ्या सिस्टरनी चष्मा खाली केला, माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, डोहाळजेवण आहे का कुणाचं?" पुढे महिनाभर वॉर्डबॉय मला बघून टाळी वाजवायचे.

एवढं सगळं करून मांजर जिन्याखाली ठेवलेल्या टोपलीतून बाहेरच येईना. नऊ दिवस. दूध ठेवलं की वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. मी दुधात बोट बुडवून तिच्या ओठाला लावायचे तेव्हा कुठे चार थेंब पोटात जायचे. कातडीसाठी मोजणीवाले सायकलवरून सव गावी जाऊन तिथल्या उन्हाळ्याचं, म्हणजे गरम झऱ्याचं, पाणी डबा भरून घेऊन आले. येईपर्यंत थंड झालेलं.

"हे गरम करा आणि डोळ्यांना पण लावा."

"गंधकाचं पाणी डोळ्यात घालू? त्या बिचारीला दिसत नाही ते कमी आहे का?"

"अंगाला तरी?"

अंगाला लावलं. त्यानं म्हणा, डॉक्टरच्या मलमानं म्हणा, आठवडाभरात नवे केस दिसू लागले. पण खाणं नाही. शेवटी मीच म्हणाले, "ही कोकणातली मांजर आहे. हिला मासळी हवी."

तिथं काकू आडव्या आल्या. त्यांच्या घरात मासळी शिजत नसे. "माझ्या चुलीवर नाही, माझ्या भांड्यात नाही, आणि जिन्याच्या खाली नाही," त्या म्हणाल्या. म्हणजे वर माझ्या खोलीत चालेल. म्हणजे रोज सकाळी सहाला उठून स्टोव्हवर सुकी मांदेली उकडायची ती मी. माझ्या साड्यांना, उशीला, अंगाला वास. गावाकडून आई आली होती, ती दारातच थांबली. "काय गो, नर्स हायस का कोळीण?"

पण वास लागला आणि मांजर टोपलीतून उठली. आठवडाभर मी ताटली खाली जिन्याच्या तोंडाशी आणायचे, काकू पदर नाकाला लावून आत जायच्या. मग काकूंनी जाहीर केलं, यापुढे नाही. तेव्हा मोजणीवाल्यांनी ठरवलं की मांजर जिना चढेल.

चौदा पायऱ्या. प्रत्येकीची उंची त्यांनी मोजली. सगळ्यात खालची अर्ध्या इंचानं जास्त निघाली तर तिच्या पायथ्याशी जमिनीवर फळी ठोकली. मग प्रत्येक पायरीवर मांदेलीचा एक तुकडा. पहिल्या दिवशी ती तीन पायऱ्या चढली आणि तिसरीवर बसून रडायला लागली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मोजणीवाले तिच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. उचललं नाही. "उचललं तर तिचं मोजणं चुकेल," म्हणाले. पाऊण तास बसले. मला ड्यूटीला जायचं होतं आणि जिन्यात हे दोघं.

बारा-तेरा दिवसांनी ती चौदाच्या चौदा चढली. वर आल्यावर तिनं पंधराव्या पायरीसाठी पुढचा पाय उचलला. तिथं पायरी नव्हती. पाय क्षणभर हवेत थांबला, मग हळूच जमिनीवर टेकला. आणि ती माझ्या खोलीत सरळ चालत आली, भिंतीला एक मिशी लावून, पलंगाला वळसा घालून, थेट ताटलीशी. मी पलंग खिडकीखाली सरकवायचा विचार त्या दिवशी सोडून दिला.

त्यांनी तिचं नाव मात्र ठेवलं नाही. काकू लाडानं 'ठके' म्हणायला लागल्या तर हे चिडायचे. "मांजर चाचीची आहे. नाव ठेवलं की कब्जा झाला." मालकाला कळवलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. पण त्यांचा अबोला, म्हणून पत्र मी लिहायचं. दुकानदाराकडून मस्कतचा पत्ता आणला. ते सांगायला बसले, मी लिहायला.

"विषय : आपल्या मालकीचे मांजर, मादी, बेवारस स्थितीत आढळल्याबाबत."

"काका, त्या म्हाताऱ्या बाईला असं लिहायचं?"

"उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की..."

ते कळविण्यात आलं, आणि खाली मी माझ्या मनानं चार ओळी घातल्या. मांजर आंधळी झाली आहे, पण बरी आहे. खाते. जिना चढते. काळजी करू नका.

पंधरा-वीस दिवसांनी नाक्यावरच्या एसटीडी बूथवाला धावत आला. "सिस्टर, मस्कतचा फोन! धा मिनटांनी परत लावणार हाय!" मी घुंगरासकट पळाले. तिकडून खरखरीत आवाजात कोणीतरी रडत होतं.

"नर्सबाय, माजी बानू जिती हाय?"

"आहे, चाची."

"डोळं खरंच गेलं? दोनीपण?"

मी हो म्हणाले. मग ती म्हणाली, "तिला सांगा, मी येतंय."

घरी येऊन मी नाव सांगितलं. मोजणीवाल्यांनी ओसरीवरच्या मांजराकडे बघून, चारचौघांत एखाद्याची ओळख पटवावी तसं, हळूच विचारलं, "बानू?" तिचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. ती त्यांच्याकडे वळली नाही. तारेकडे वळली. उठून सरळ तारेपाशी गेली, नाकाला काटा लागला तशी, पदरांमधली फट न दिसल्यानं, मागे सरली, आणि तिथंच चाचीच्या घराकडे तोंड करून बसली.

तो दिवस आणि पुढचे कितीतरी. सकाळी खाऊन झालं की जाऊन तारेशी बसायची. कधी नाकावर ओरखडा, कधी कानाला. औषध लावणार मी. एक दिवस माझा बांध फुटला.

"काढा ती तार."

"ती हद्द आहे, सिस्टर."

"घरातली विळी तुम्ही हलवू देत नाही तिला लागेल म्हणून, आणि ही काट्याची तार चालते? कसले हिशेबी हो तुम्ही!"

"विळी माझी आहे. तार कायद्याची आहे."

"मग कायद्याला सांगा औषध लावायला!"

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे; अबोल्याची त्यांना सवय होती. नवव्या दिवशी म्हणाले, "सिस्टर, बादली उजवीकडे गेलीय."

चाची आली वैशाखात. दुपारची वेळ. रिक्षातून तीन मोठ्या बॅगा आणि त्यांच्यापेक्षा लहान अशी ती म्हातारी उतरली. घराचं कुलूप काढायच्या आधी ती मागच्या अंगाला, तारेपाशी आली. आम्ही तिघंही ओसरीवर होतो. बानू तेव्हा आमच्या जिन्याखाली निजलेली.

"बानू गो," चाचीनं हाक मारली. "बानू, मी आलंय गो."

बानूला मी तोवर धावताना पाहिलं नव्हतं. ती नेहमी चालायची, मोजून, भिंत धरून. त्या हाकेसरशी ती उठली आणि सुटली. कळशी, पाट, रेघा, काही नाही. ओसरीवरून उडी मारून अंगणातून सरळ, पूर्ण वेगानं. आणि तारेवर तोंडावर आपटली. मागे पडली. उठली, पुन्हा धावली, पुन्हा आपटली.

"अल्ला!" चाची ओरडली. "कोणीतरी धरा गो तिला!"

मी पोचेपर्यंत तिसऱ्यांदा धडकली होती. ओठ फाटला होता. मी तिला घट्ट धरलं तर माझ्या हातावर नखांचे चार ओरखडे काढले. तिला मी नको होते.

मोजणीवाले जागचे हलले नव्हते. मग आत गेले. पक्कड नेहमीच्या खिळ्याला होती, पण त्यांना ती सापडेना. आतून डबे पडल्याचा आवाज येत होता. काकूंनी जाऊन काढून दिली. ते आले, वाकले, आणि खालची तार तोडली. मग दुसरी. पाचही तोडल्या. एक तार उलटी येऊन मनगटाला लागली तरी थांबले नाहीत. मग बाजूला झाले आणि मला म्हणाले, "सोडा तिला."

मी सोडली. चाची मातीत बसलीच होती. बानू तिच्या मांडीत शिरली, पोटाशी, पदराखाली, जणू तिथं एखादं बीळ होतं.

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य मोजणीवाल्यांनी असं उच्चारलं : "बाई, तुमची मांजर."

"माजी हाय, ते मला ठाव हाय," चाची रडत रडत म्हणाली. "काय खायला घातलंत हिला? केवढी फुगलीय."

माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. आता सगळं सुरळीत होईल असं वाटलं. मूर्खपणा. दुसऱ्याच दिवशी मोजणीवाले चाचीच्या घराचा नकाशा घेऊन तिच्या दारात हजर. पलंग कुठे हवा, बॅगा कुठे, पाण्याचा माठ कुठे.

"माज्या घरात काय खंय ठेवायचं, ते तुमी सांगणार?"

"मी नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर बैलांचा हाय."

"तिची धडक तुमच्या बॅगेवर बसली तर?"

"बसू दे! माजी मांजर, माजी बॅग!"

पुढचे दोन महिने हेच. बानू निजायला चाचीकडे, खायला चौदा पायऱ्या चढून माझ्याकडे, आणि दुपारी मोजणीवाल्यांच्या पायाशी. दोन घरांतला रस्ता तिनं चार दिवसांत पाठ केला. मोजणीवाले मात्र रोज सकाळी चाचीच्या पडवीत जाऊन भांडून यायचे आणि संध्याकाळी चाची आमच्या ओसरीवर येऊन भांडून जायची. काकू दोघांनाही चहा द्यायच्या. अबोल्यात निदान शांतता होती. रात्रपाळी करून आल्यावर मला दुपारी दोन तास झोप मिळायची, तीही गेली.

श्रावणात एका सकाळी मी ट्रंक उघडायला गेले, तर ट्रंकेचं झाकण आधीच अर्धं उघडं होतं. ते मीच घाईत तसं ठेवलं होतं. आत माझ्या चार कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या. त्यांच्यावर बानू, आणि बानूला चिकटलेली चार ओली पिल्लं.

मी किंचाळले असेन, कारण खालून तिघंही वर आले. चाची, काकू आणि मोजणीवाले. काकू माझ्या मासळीच्या खोलीत पहिल्यांदाच आल्या होत्या.

"कुणाचा बोका हो?" काकूंनी विचारलं.

"मासळी बाजारातला तो पिवळा असंल," चाची म्हणाली. "असंल" ऐकूनही मोजणीवाले काही बोलले नाहीत. ते ट्रंकेत बघत होते.

"ट्रंक हलवायची नाही," एवढंच म्हणाले.

"आणि मी ड्यूटीला काय नेसू?"

मोठ्या सिस्टरच्या दोन साड्या मी मागून आणल्या. पुढचे पंधरा दिवस त्याच दोन साड्या, माझ्यापेक्षा चार बोटं आखूड. बानूचं मात्र काही अडलं नाही. चार पिल्लांतलं एखादं सरकून बाजूला गेलं की आवाजावरून जायची आणि मानेला धरून आणायची, एकदाही चुकली नाही. आणि मोजणीवाले दिवसातून चार वेळा वर येऊन ट्रंकेशी उकिडवे बसायचे. सातव्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"सिस्टर, पिल्लांचे डोळे बंद आहेत."

"बंदच असतात. आठ-दहा दिवसांनी उघडतात."

"उघडल्यावर त्यांना दिसेल?"

"दिसेल, काका. बानूचे डोळे रोगानं गेले. तिचं पिल्लांना नाही येत."

"नाही येत, हे कुणी बघितलंय?"

"डॉक्टर म्हणाले."

"म्हणाले म्हणजे अंदाज."

मी हात जोडले आणि निघून गेले. त्या आठवड्यात ते गुरांच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आले, हे मला काकूंकडून कळलं. रात्री नीट जेवत नव्हते, हेही.

डोळे उघडले. एकेकाचे, दोन-तीन दिवसांत. निळसर, धुरकट. मोजणीवाल्यांना ती धुरकट निळाई बघून घाम फुटला. "फूल," ते म्हणाले. "सगळ्यांना फूल पडलंय." मी सांगितलं, पिल्लांचे डोळे सुरुवातीला असेच असतात, आणखी आठवडाभर थांबा. थांबणं त्यांना कुठलं जमायला. आठवडा होतो न होतो तोच त्यांनी दवाखान्यात निरोप पाठवला : ताबडतोब घरी या. मला वाटलं काकूंना काही झालं. तासाभराची सुट्टी मागून धापा टाकत आले.

"टॉर्च काढा," ते म्हणाले.

"यासाठी बोलावलंत? वॉर्डात एका बाईला सलाईन लावून आलेय मी!"

"टॉर्च काढा, सिस्टर."

आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा होता. मी रागानंच टॉर्च काढला. चाची पलंगावर पदर तोंडात धरून बसली होती. काकू दारात. बानूनं माझा वास घेतला आणि पडून राहिली. पहिलं पिल्लू मी तळहातावर घेतलं, उजेड एका बाजूनं आणला. बुबुळ आक्रसलं, काळी फट बारीक झाली. टॉर्च डावीकडे नेला, मान डावीकडे. उजवीकडे नेला, मान उजवीकडे. पंजा उगारून त्यानं उजेडाला मारलं.

"हे बघतंय," मी म्हणाले.

"पुढचं."

दुसरं. तिसरं. चौथं सगळ्यात लहान होतं, एक डोळा जरा चिकटलेला. मी मिठाचं पाणी मागितलं, काकूंनी आणून दिलं, पुसलं. डोळा उघडला. टॉर्च लावला. काळी फट सुईएवढी झाली.

"चारही?"

"चारही. आठही डोळे."

मोजणीवाले जमिनीवर बसले. आधी एक हात टेकला, मग दुसरा. चाची रडत रडत म्हणत होती, मी पयल्यापासून सांगत होते, पण यांना कुणाचं ऐकायचं नाय. काकू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. तो हात त्यांनी असा सगळ्यांसमोर कधी ठेवलेला मी पाहिला नव्हता.

मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी टॉर्च दिला. त्यांनी सगळ्यात लहान पिल्लू मांडीवर घेतलं आणि उजेड इकडे नेला, तिकडे नेला, वर नेला, खाली आणला. पिल्लू मागे मागे मान फिरवत होतं. मग दुसरं घेतलं. मग पुन्हा पहिलं. मला परत ड्यूटीवर जायचं होतं आणि तो टॉर्च दवाखान्याचा होता. मी जिन्यात जाऊन बसले. वॉर्डात दुसरी सिस्टर होती, अर्धा तास निभावलं असतं. आतून मोजणीवाल्यांचा आवाज येत होता, "हे बघ. आता इकडे बघ. शाब्बास. आता इकडे." सेल संपेपर्यंत येत राहिला.